रोखा, करार आणि वेठ : व्यापारी कायद्याच्या इतिहासाकडे पाहताना

कायदा म्हटला की आपल्या चळवळीतल्या माणसाच्या डोळ्यांपुढे काही ठराविक गोष्टी उभ्या राहतात : राज्यघटना, राखीव जागा, अत्याचारविरोधी कायदा, फार तर कूळकायदा आणि कामगार कायदा. व्यापारी कायदा म्हणजे करार, मालविक्री, भागीदारी, हुंडी, धनादेश, कंपनी आणि दिवाळखोरी यांचे कायदे. तो शेटजींचा आणि त्यांच्या वकिलांचा विषय आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, अशी आपली समजूत आहे. ही समजूत चुकीची तर आहेच, शिवाय ती आपल्याला महागात पडलेली आहे. या देशातल्या अस्पृश्य माणसाचे श्रम कुणाच्या मालकीचे, हा प्रश्न दीडशे वर्षे ज्या कायद्याच्या भाषेत लढला गेला ती भाषा कराराच्या कायद्याची आहे. वेठबिगाराच्या गळ्यातली दोरी कागदाची असते, आणि त्या कागदाचे शास्त्र म्हणजे व्यापारी कायदा.

बाबासाहेबांच्या चरित्रांत एक नोंद ओझरती येते आणि वाचक पुढे जातो. जून १९२५ ते मार्च १९२८ या काळात बाबासाहेब मुंबईच्या बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या शिकवणी संस्थेत व्यापारी कायद्याचे अर्धवेळ अध्यापक होते. चरित्रकार हा उल्लेख उपजीविकेचे साधन म्हणून करतात. तो तसा होताच. पण त्या तारखांकडे नीट पाहा. चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ चा. मनुस्मृतीचे दहन २५ डिसेंबर १९२७ चे. महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात मांडले ते मार्च १९२८ मध्ये. म्हणजे एका बाजूला हा माणूस विद्यार्थ्यांना करार कसा होतो, कुणाकुणात होतो, तो मोडला तर काय होते, हे शिकवत होता. आणि दुसऱ्या बाजूला ज्या समाजात महाराच्या वाट्याला करार कधी आलाच नाही, जन्माने मिळालेला दर्जा तेवढा आला, त्या समाजाशी झुंजत होता. या दोन गोष्टी एकाच डोक्यात चालल्या होत्या. त्या एकमेकींपासून अलग राहिल्या असतील, असे मानण्याचे कारण नाही.

२

मुंबईच्या व्यापारी जगाने या अध्यापकाला कसे वागवले, तेही ध्यानात घेतले पाहिजे. १९१३ साली मुंबईत सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय निघाले. त्याच वर्षीच्या कंपनी कायद्याने हिशेबतपासनिसांच्या धंद्याला रीतसर मान्यता दिली. पदवी व परवाना घेऊन बाजारात उतरू पाहणाऱ्या तरुणांचा एक नवा वर्ग तयार झाला आणि त्यांना व्यापारी कायद्याची परीक्षा द्यावी लागू लागली. १९१८ ते १९२० या काळात बाबासाहेब सिडनहॅममध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्याआधी त्यांनी शेअर आणि रोख्यांच्या व्यवहाराबाबत सल्ला देण्याची एक पेढी काढली होती. सल्ला घ्यायला माणसे आली. पण सल्ला देणारा महार आहे हे कळताच ती यायची बंद झाली आणि पेढी गुंडाळावी लागली.

बाजार जात पाहत नाही, बाजार फक्त नफा पाहतो, असे सांगणाऱ्या पंडितांनी या एका उदाहरणाचा विचार करावा. सल्ला तोच होता, बाजार तोच होता, नफ्याची शक्यता तीच होती. बदलली होती ती फक्त माहिती.

१९२३ साली बॅरिस्टर म्हणून मुंबई उच्च न्यायालयात सनद घेतल्यावरही हेच घडले. त्या काळी मूळ शाखेत दुहेरी पद्धत होती. पक्षकार सॉलिसिटरकडे जाई, सॉलिसिटर कामाचे कागद तयार करून बॅरिस्टरच्या हाती देई. कापसाचे सौदे, गोदीतला माल, विमा, भागीदारीची भांडणे हे सारे मोठे व्यापारी काम या मूळ शाखेत चाले. सॉलिसिटरांच्या पेढ्यांनी अस्पृश्य बॅरिस्टरला काम द्यायचे नाही म्हटले की त्या कामाचा दरवाजा बंद. बाबासाहेबांना अपिलांची आणि जिल्ह्यांतून येणारी कामे करावी लागली. ही दुहेरी पद्धत कायद्याने संपली ती १९७६ च्या दुरुस्तीने. त्या व्यवस्थेत जातीचा उल्लेख असणारे एकही कलम नव्हते. मधल्या माणसाची मर्जी पुरेशी होती.

जो माणूस व्यापारी कायदा शिकवू शकत होता त्याला तो कायदा बाजारात वापरू दिला गेला नाही, ही या इतिहासाची सुरुवात आहे.

३

आता थोडे मागे जाऊ. करार हा शब्द आज आपण सहज वापरतो. दोन प्रौढ, शहाणी माणसे स्वखुशीने एकमेकांना वचन देतात, त्या वचनाच्या बदल्यात काही देणेघेणे ठरते, आणि ते कायदेशीर असेल तर न्यायालय त्या वचनामागे उभे राहते. या कल्पनेत माणसाची जात कुठेच नाही. पण ही कल्पना आपल्याकडे जुनी नाही.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात कर्जाचे नियम आहेत. व्याजाचा दर वर्णाप्रमाणे सांगितला आहे. ब्राह्मणाकडून महिन्याला शेकडा दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार आणि शूद्राकडून पाच. जो सर्वांत गरीब त्याला सर्वांत महाग पैसा! त्याच अध्यायात पुढे सांगितले आहे की कर्ज फिटत नसेल तर सावकाराच्या बरोबरीच्या किंवा त्याच्याहून खालच्या जातीच्या ऋणकोने अंगमेहनतीने ते फेडावे. वरच्या जातीच्याने मात्र सवडीने, हळूहळू द्यावे. दहाव्या अध्यायात तर शूद्राने समर्थ असला तरी धनसंचय करू नये असा दंडक आहे. वेठबिगारीचे मूळ शोधायला दूर जावे लागत नाही. ब्राह्मणाचे कर्ज म्हणजे फक्त देणे. शूद्राचे कर्ज म्हणजे त्याचे शरीर. महाडला १९२७ च्या डिसेंबरात जे जाळले गेले त्यात हा ऋणकायदाही होता, याची आठवण ठेवायला हवी.

इंग्रज आले तेव्हा त्यांनी हे एकदम मोडले नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इलाख्यांच्या शहरांतल्या न्यायालयांनी हिंदूंच्या देण्याघेण्याला आणि करारांना हिंदू धर्मशास्त्र लावावे, मुसलमानांच्या व्यवहारांना त्यांचा कायदा लावावा, असा नियम होता. मुंबई इलाख्याच्या जिल्ह्यांत एल्फिन्स्टनच्या काळात १८२७ चे नियम झाले. त्यात क्रम असा होता : आधी सरकारी कायदे, ते नसतील तेथे देशाची रूढी, ती नसेल तेथे प्रतिवादीचा कायदा आणि शेवटी न्यायबुद्धी. ‘देशाची रूढी’ हे शब्द दिसायला निरुपद्रवी आहेत. पण रूढी म्हणजे कुणाची रूढी, हे ठरवायला शास्त्री आणि पाटील बसलेले असत.

१ सप्टेंबर १८७२ रोजी भारतीय कराराचा कायदा अमलात आला. या कायद्याने एक मोठी गोष्ट केली. करार करण्यास पात्र कोण, याच्या उत्तरात त्याने वय, शुद्ध बुद्धी आणि कायद्याने घातलेली बंदी एवढेच पाहिले. वर्ण पाहिला नाही. विलायतेतला कायदेपंडित हेन्री मेन याने १८६१ साली आपल्या ‘एन्शन्ट लॉ’ या ग्रंथात मांडले होते की पुढारलेल्या समाजांचा प्रवास दर्जाकडून कराराकडे झाला आहे. माणूस कुणाच्या पोटी जन्मला यावर त्याचे हक्क ठरत असत. ते पुढे त्याने स्वतः काय कबूल केले यावर ठरू लागले. हाच मेन पुढे काही वर्षे हिंदुस्थान सरकारचा कायदेमंत्री होता. १८७२ चा कायदा या विचाराच्या वातावरणात घडला.

मग महार, मांग, चांभार या प्रवासाला निघाले का? कागदावर निघाले. गावात नाही.

४

कराराच्या कायद्याच्या अगदी पहिल्याच कलमात एक तरतूद आहे : कायद्याशी विसंगत नसलेली व्यापारातली कोणतीही रूढी या कायद्याने बाधित होणार नाही. १८८१ च्या हुंडी-धनादेशांच्या कायद्यातही देशी भाषेतल्या दस्तऐवजांविषयीच्या स्थानिक रूढी तशाच राखल्या आहेत. दर्शनी हुंडी, मुदती हुंडी, शाहजोग हुंडी, हुंडी हरवली तर पेठ आणि पेठही हरवली तर परपेठ, हे सारे मारवाडी, गुजराती, मुलतानी पेढ्यांच्या आपसातल्या विश्वासावर उभे असलेले व्यवहार होते. न्यायालयांनी ते पुरावा घेऊन मान्य केले. व्यापारी कायद्याचा एक गंमतीचा नियम असा की व्यापारातली रूढी फार जुनी असावी लागत नाही. त्या धंद्यातल्या लोकांना ती सर्वसाधारणपणे ठाऊक आहे, ती निश्चित आहे आणि वाजवी आहे, एवढे सिद्ध झाले की पुरे.

व्यापारी जातींच्या रूढीला कायद्याने असे सन्मानाने आत घेतले. त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या रूढीने महाराला गावकामाला जुंपले होते तिचे काय झाले?

वेस राखणे, सरकारी टपाल आणि खजिना एका गावाहून दुसऱ्या गावी नेणे, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे धावणे, हद्दी दाखवणे, मेलेली जनावरे ओढणे, मर्तिकाचा सांगावा घेऊन कोसच्या कोस जाणे. या कामाचा मोबदला म्हणजे इनामाच्या जमिनीचा तुकडा आणि बलुते. १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने ही व्यवस्था मोडली नाही, ती कायद्याच्या चौकटीत बसवली. वतनाची जमीन वतनाबाहेर विकता येत नसे, गहाण टाकता येत नसे. ‘वतनाचे रक्षण’ असे तिचे समर्थन केले जाई. पण ज्या जमिनीवर तारण म्हणून पैसा उभा राहत नाही ती जमीन बाजाराच्या हिशेबात जमीनच नसते.

कराराच्या कायद्याचा विद्यार्थी या व्यवस्थेकडे पाहील तर चक्रावून जाईल. करारात दोन पक्ष असतात आणि जो वचन घेतो तोच मोबदला देतो. इथे काम सरकारचे, पण मोबदला देणार रयत. रयतेने बलुते नाकारले तर महाराने दाद मागायची कुणाकडे? करार केलेल्या माणसांनाच बांधतो, त्यांच्या भावाबापाला नाही. इथे वतनदार महार हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणालाही कामाला ओढले जाई. साऱ्या कुटुंबाचे श्रम जणू गहाण. करारात कामाचे स्वरूप आणि वेळ ठरलेली असते. इथे रात्र नाही, दिवस नाही. करार नोटीस देऊन संपवता येतो. इथे काम सोडले तर जमीन गेली आणि वर बहिष्कार आला.

१९२८ च्या विधेयकामागे बाबासाहेबांचे युक्तिवाद याच दिशेचे होते. ज्याला काम करायचे नाही त्याला योग्य आकार भरून वतनातून मोकळे होता यावे आणि जो काम करील त्याला निश्चित मोबदला मिळावा, अशी त्यांची मागणी होती. तिचा आशय थोडक्यात सांगायचा तर असा : महाराला दर्जातून बाहेर काढा आणि त्याला करार करणारा माणूस म्हणून मान्यता द्या. ते विधेयक पुढे त्यांना मागे घ्यावे लागले. ही वतने कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. कराराचा कायदा अमलात येऊन तोवर ८६ वर्षे झाली होती.

रूढीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. चवदार तळ्यावर आपला खाजगी हक्क आहे, अस्पृश्यांना तेथे येऊ न देण्याची रूढी आहे, असा दावा महाडच्या सवर्णांनी १९२७ च्या डिसेंबरात दिवाणी न्यायालयात लावला. तो उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी त्याचा अखेरचा निकाल आपल्या बाजूने लागला. तो निकाल समतेच्या तत्त्वावर नव्हता. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही, एवढ्यावर तो होता. म्हणजे त्यांना तसा पुरावा मिळाला असता तर? रूढीच्या कायद्यावर विसंबून राहण्यातला धोका या एका प्रश्नात आहे. घटनेच्या १३ व्या आणि १७ व्या अनुच्छेदांची गरज का होती, हे त्यावरून कळते.

५

दर्जातून निसटून जो शहरात आला, गिरणीत, गोदीत, रेल्वेत, बांधकामावर लागला, त्याचे काय? तो तरी करार करणारा मोकळा माणूस झाला होता काय?

येथे व्यापारी कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडणारे एक प्रकरण येते. व्यापाऱ्याने करार मोडला, ठरलेला माल वेळेवर दिला नाही, तर तो दिवाणी मामला. नुकसानभरपाई द्यायची आणि मोकळे व्हायचे. १८७७ च्या कायद्यानेही स्पष्ट केले की अंगमेहनतीचा, व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालय जबरदस्तीने पुरा करून घेणार नाही. हे तत्त्व मोठे उदार आहे. पण त्याच्या १८ वर्षे आधी, १८५९ साली, कामगारांच्या करारभंगाचा एक वेगळाच कायदा झाला होता. कारागीर, कामकरी किंवा मजूर याने आगाऊ पैसे घेऊन काम केले नाही तर मालकाने दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करायची. दंडाधिकाऱ्याने ‘पैसे परत कर किंवा काम कर’ असा हुकूम करायचा. हुकूम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांसाठी झालेला हा कायदा पुढे इतरत्रही लागू करण्यात आला. आसामच्या चहामळ्यांत तर पळून जाणाऱ्या मजुराला पकडण्याचा अधिकार काही काळ खुद्द मळेवाल्यालाच होता.

मालकाने मजुरी बुडवली तर मजुराने दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवायच्या. मजुराने काम सोडले तर त्याने तुरुंगात जायचे. एकाच देशात, एकाच काळात, करारभंगाचे हे दोन कायदे शेजारी शेजारी नांदत होते. एक पेढीसाठी, दुसरा पाठीसाठी. आगाऊ घेतलेली उचल ही यातली कळीची गोष्ट. उपाशी माणूस उचल घेतो, आणि उचल घेतली की तो मोकळा राहत नाही. हा १८५९ चा कायदा १९२५ साली रद्द करण्यात आला. बाबासाहेब व्यापारी कायदा शिकवू लागले ते याच वर्षी.

गिरणीच्या दारातही दर्जा उभा होताच. कापडखात्यात, जिथे मजुरी चांगली, तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत, कारण तुटलेला धागा जोडताना तोंडाचा वापर करावा लागे आणि त्याने विटाळ होई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. कराराचे स्वातंत्र्य गिरणीच्या फाटकापर्यंत होते. आत कुठे उभे राहायचे ते जात ठरवत होती.

६

आता १९३८ कडे येऊ. मुंबईच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले. समेटाची मुदत पुरी होण्याआधी केलेला संप बेकायदा आणि शिक्षेस पात्र ठरवणारे ते विधेयक होते. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बाबासाहेबांनी सप्टेंबरात विधानसभेत त्याला विरोध केला. त्या भाषणात व्यापारी कायद्याचा हा अध्यापक पुरेपूर उतरला आहे. त्यांनी विचारले, संप म्हणजे कायद्याच्या दृष्टीने काय? नोकरीच्या कराराचा भंग. करारभंग म्हणजे काय? दिवाणी चूक. तिच्यासाठी नुकसानभरपाई आहे, तुरुंग नाही. गुन्हेगारी कायदा अगदी मोजक्या प्रसंगी सोडला तर करारभंगाला गुन्हा मानत नाही. का मानत नाही? कारण करारभंगाला गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबायला लावणे, म्हणजेच त्याला गुलाम करणे होय. म्हणून संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे.

या युक्तिवादाची ताकद कशात आहे? त्यांनी मालकांचाच कायदा हाती घेतला. तुम्ही व्यापाऱ्याला जी मुभा देता तीच मजुराला द्या, एवढेच म्हटले. सौदा मोडणाऱ्या दलालाला तुम्ही बेड्या घालत नाही. मग यंत्रापासून दूर झालेल्या विणकराला का घालता? त्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला. कायदा झालाच. पण युक्तिवाद उरला.

पण बाबासाहेब करारस्वातंत्र्याचे भाबडे भक्त नव्हते. दर्जातून करारात येणे ही त्यांच्या दृष्टीने मुक्तीची पहिली पायरी होती, शेवटची नव्हे. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी विचारले आहे की, कामाचे तास ठरलेले नाहीत, संघटनेत जायला बंदी आहे, तोंड उघडायची सोय नाही, अशा अटींवर कुणी बेकाराला नोकरी देऊ केली तर तो काय निवडील? तो नोकरी घेईल. म्हणजे उपाशी माणसाच्या संमतीला संमती म्हणायचे का, हा प्रश्न त्यांनी उभा केला. सरकार बाजूला झाले की माणूस मोकळा होत नाही. तो खाजगी मालकाच्या हुकमतीत जातो.

मेनच्या सूत्रात जे नव्हते ते येथे आहे. दर्जाकडून कराराकडे, आणि मग? दोन असमान माणसांतल्या कराराकडे कायद्याने कसे पाहायचे?

७

हा प्रश्न मुंबई इलाख्यात एकदा रक्ताच्या आणि धुराच्या भाषेत विचारला गेला होता. १८५५ साली व्याजावरची बंधने सरकारने उठवली. जे व्याज रोख्यावर लिहिले असेल त्याचा हुकूमनामा न्यायालय देऊ लागले. मुद्दलापेक्षा जास्त व्याज एका वेळी वसूल होऊ नये, हा दामदुपटीचा नियम हिंदू ऋणकोसाठी शिल्लक होता. पण मुदत टळू नये म्हणून रोखा वरचेवर नवा होई, व्याज मुद्दलात मिसळे आणि दामदुप्पट हवेत विरे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथून दंगे सुरू झाले. शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावले आणि जाळले. सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कागदावर त्यांचा डोळा होता, यात त्यांची समज दिसते. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी झालेल्या कायद्याने न्यायालयांना एक नवी दृष्टी दिली : रोख्यावर काय लिहिले आहे यावर थांबू नका, रोख्यामागे जा, पहिल्यापासून किती दिले, किती फेडले, ते तपासा.

‘कागदामागे जा.’ दुबळ्या माणसाच्या बाजूने व्यापारी कायद्यात जे जे चांगले झाले आहे ते या दोन शब्दांत सांगता येते. १८९९ साली कराराच्या कायद्यात दुरुस्ती होऊन, वरचढ माणसाने केलेला अन्यायी सौदा आपण दबाव आणून केलेला नाही हे त्यानेच सिद्ध करावे, असे ठरले. घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठ आणि सक्तीची मजुरी यांना बंदी केली. १९७५ च्या वटहुकुमाने आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. त्यामागचे कर्ज बुडाले आणि तसा रिवाज किंवा करार, लेखी असो वा तोंडी, निरर्थक ठरला. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, सक्ती केवळ दंडुक्याची नसते, भुकेचीही असते. किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवून घेणे ही सक्तीची मजुरीच होय. १९४७ साली बाबासाहेबांनी जो प्रश्न विचारला होता त्याचे न्यायालयाने दिलेले हे उत्तर म्हणता येईल. १९८६ साली त्याच न्यायालयाने सरकारी कंपनीच्या नोकरीच्या करारातले एक जुलमी कलम, दोन्ही पक्षांची ताकद मुळातच असमान आहे या कारणाने, सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवले.

८

इथे थांबलो तर हा इतिहास प्रगतीची गोष्ट वाटेल. तसे नाही.

१९८८ साली हुंडी-धनादेशांच्या कायद्यात १३८ वे कलम घालण्यात आले आणि १९८९ च्या एप्रिलपासून ते लागू झाले. खात्यात पैसे नाहीत म्हणून धनादेश परत आला आणि नोटिशीनंतरही पैसे दिले नाहीत तर तो गुन्हा. आज त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. व्यापारात धनादेशाचा भरवसा वाढावा हा त्यामागचा उद्देश. पण कर्ज देताना तारण म्हणून कोऱ्या धनादेशावर सही घेऊन ठेवायची पद्धत पडली. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, स्वखुशीने सही करून दिलेला धनादेश कोरा होता एवढ्याने कर्जाविषयीचे गृहीत नाहीसे होत नाही. आपण देणे लागत नव्हतो हे सही करणाऱ्यानेच दाखवावे. १९२५ साली करारभंगाचा तुरुंग मजुरासाठी बंद झाला. ६४ वर्षांनी देणेकऱ्याच्या तुरुंगाचा दरवाजा दुसऱ्या बाजूने उघडला. बँकेचे पुस्तक आले, धनादेश आला, अंगठ्याच्या जागी सही आली. पण सही करणाराला कागद समजला नाही तर त्या सहीत आणि अंगठ्यात काय फरक?

ऊसतोडीचा हंगाम पाहा. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून निघतात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते. कुठे मुद्रांकावर लिहिलेले, कुठे साध्या कागदावर, कुठे नुसता शब्द. हंगाम संपतो, उचल फिटत नाही, ती पुढच्या हंगामावर चढते. बाईने अर्धा ऊस तोडला, पण हिशेबात तिचे नाव वेगळे नाही. कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो काम कारखान्याचे. काम एकाचे, मोबदला देणारा दुसरा : महार वतनात जो पेच होता तोच इथे नव्या कपड्यांत उभा आहे. १८५९ च्या कायद्यातली उचल आणि आजची उचल यांत तुरुंगाचे कलम तेवढे नाही. मुकादमाची माणसे आहेत.

मोठ्या वादांसाठी २०१५ साली वाणिज्यिक न्यायालयांचा कायदा झाला. व्यापाऱ्याचा वाद लवकर सुटावा म्हणून वेगळी न्यायालये, वेगळी मुदत. कोणते वाद वाणिज्यिक, याची लांब यादी त्यात आहे. मजुरीच्या वादाचा तिच्यात स्वतंत्र उल्लेख नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत कंपनी बुडाली तर कामगारांच्या मागच्या २४ महिन्यांच्या देण्याला तारणदार सावकारांच्या बरोबरीचे स्थान आहे, हे खरे. तेही आपोआप आलेले नाही. कंपनी गुंडाळण्याच्या कामकाजात कामगारांचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या डिसेंबरात सांगितले आणि १९८५ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली. मुंबईच्या गिरण्या ठप्प झाल्या होत्या तो हाच काळ. पण हे देणे मागायला मुदतीत, ठरलेल्या नमुन्यात दावा लावावा लागतो. किती कामगारांना ते ठाऊक असते?

९

आपल्या मुलांनी वकिली शिकावी असे आपल्याला वाटते, आणि ती शिकतातही. पण त्यांच्यातले बहुतेक फौजदारी आणि नोकरीविषयक कामांकडे वळतात. कंपनीचा, कराराचा, दिवाळखोरीचा कायदा म्हणजे बड्या पेढ्यांचे राखीव रान, असे मानून ती त्या बाजूला फिरकत नाहीत. १९२३ साली सॉलिसिटरांनी जो दरवाजा बंद केला तो आज आपण आतून लावून घ्यायचा का? आज दलित उद्योजक उभे राहत आहेत, त्यांच्या संघटनाही आहेत. त्यांना हा कायदा लागेल. पण त्यांच्याहून जास्त तो त्यांना लागेल ज्यांच्याकडून सही घेतली जाते.

म्हणून शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना एक सूचना करावीशी वाटते. आपल्या अभ्यासवर्गांत घटना वाचली जाते, ती वाचलीच पाहिजे. तिच्या जोडीला एक दिवस एखादा खराखुरा कागद वाचा : उचलीची चिठ्ठी, बचत गटाच्या कर्जाचा करार, सावकाराचा रोखा, कंत्राटदाराने सही घेतलेला छापील नमुना. कोण कुणाला काय वचन देतो आहे? मोबदला काय आणि तो देणार कोण? कुठे जागा कोरी सोडली आहे? करार मोडला तर कुणाचे काय जाते? हे चार प्रश्न कराराच्या कायद्याच्या कोणत्याही वर्गात पहिल्या दिवशी विचारले जातात. मुंबईत एका शिकवणीच्या वर्गात १९२५ साली ते बहुधा बाबासाहेबांनीही विचारले असतील. समोरची मुले हिशेबतपासनीस व्हायची होती. ज्यांचा हिशेब कधी तपासलाच गेला नाही ती माणसे त्या वर्गात नव्हती.

आता ती वर्गात आहेत. त्यांच्यापुढे कागद ठेवा.